भाड्याचं आजोळ

मे महिना लागला की आजोळ नसलेल्या घरांची पंचाईत होते. एक मेला झेंडावंदन होतं, प्रगतिपुस्तक हातात पडतं, आणि तिथून जूनच्या मध्यापर्यंत मुलांचं काय करायचं हा प्रश्न घरात मुक्कामाला येतो. माझ्या लहानपणी त्याला एकच उत्तर असायचं: आईचं माहेर. ट्रंकेसकट मुलांना तिथे नेऊन सोडलं की महिनाभर कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही. माझ्या मुलांचं आजोळ पुण्यातच आहे. रिक्षानं वीस मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक बंद. आई प्रेमानं सगळं करते. पण दर रविवारी ज्या घरी जातो तिथेच सुटीत राहायला जाण्यात मुलांना काही गंमत वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आईलाही आता झेपत नाही.

म्हणून हल्ली आमच्यासारखी घरं कोकणात जातात आणि कुणाचं तरी आजोळ भाड्यानं घेतात. जाहिरातीत त्याला घरगुती निवास म्हणतात, सरकारी योजनेत निवास-न्याहारी. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीपलीकडे समुद्र, दुपारी केळीच्या पानावर जेवण, आणि हे सगळं करणारी एक काकू. खोलीचं भाडं दिवसावर, जेवणाचं ताटावर.

आम्ही आंजर्ल्याला गेलो ते सासूबाईंमुळे. त्यांचं आजोळ दापोली तालुक्यातलं. घर वाटण्यांत गेलं, मग विकलं गेलं, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी ते पाडून तिथे काहीतरी गुलाबी बांधलं, असं ऐकून त्या तिकडे परत फिरकल्या नव्हत्या. लहानपणी त्या मुंबईहून, भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं हर्णैला यायच्या. बोट किनाऱ्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, करंड्या, कडेवरची पोरं सगळी पडावात उतरत. "आईला बोट लागायची," त्या सांगतात, "आणि तशा अवस्थेत ती पडावात उडी मारायची, धाकट्याला पोटाशी धरून. माहेरी जायचं म्हटल्यावर बाई काय वाटेल ते करते."

आम्हाला तसलं काही करावं लागलं नाही. ताम्हिणी उतरलो, माणगावला वडापाव खाल्ला, आंबेतला सावित्री ओलांडली, आणि मंडणगड गेल्यावर रस्ता जांभ्याच्या लाल कातळातून खाली उतरायला लागला. मुलगी आठवीत गेलेली. तिचं लक्ष मोबाइलच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या रेघांवर होतं. तीन, दोन, एक. शेवटची रेघ गेली तेव्हा तिनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की तिचे बाबा गाडी थांबवणार होते.

आंजर्लं हे डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर वसलेलं गाव. एकच अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोरून गाडी आली की एकानं मागे जायचं. घराच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं, आणि त्यांच्या पलीकडे वाळू. दक्षिणेला जोग नदीची खाडी. पूर्वी ती होडीनं ओलांडावी लागे, आता पूल झालाय आणि हर्णै हाकेवर आलंय. वर टेकडीवर कड्यावरचा गणपती. तिथून खाली पाहिलं की समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग दिसतो. आमच्या ह्यांनी तिथे मुलांना थांबवून १७५५ सालचा इतिहास सांगितला. तुळाजी आंग्र्यांना नमवायला पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर जेम्सनं हा किल्ला घेतला, आपलं आरमार आपणच मोडलं वगैरे. चौथीतल्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता खाली जायचं का पोहायला?"

भरतीचं गणित मात्र त्यानं लगेच उचललं, कारण ते आम्ही उतरलो त्या घरच्या काकांनी शिकवलं आणि त्यात पोहण्याचा संबंध होता. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. दिवसा एकदा, रात्री एकदा. काकांना पाऊणकी पाठ होती. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. "तुमच्या त्या ॲपपेक्षा थोडं मागेपुढे होईल," काका म्हणाले, "पण बॅटरी संपायची नाही."

या गणिताचा अर्थ हळूहळू कळत गेला. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं. ते फार वर येत नाही, फार लांबही जात नाही, आणि ओहोटी ऐन बारा वाजता, वाळूवर पाय ठेववत नाही अशा वेळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. मग दुपारी पाणी सुरूंच्या जवळ येतं, पण सकाळ-संध्याकाळ समुद्र इतका मागे हटतो की ओल्या, घट्ट वाळूचं एक नवंच मैदान समोर येतं. कोकणात फिरायला जाणाऱ्यांनी खोली घेण्याआधी पंचांग बघावं, असं माझं आता ठाम मत झालंय. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर शनिवार-रविवार लाल रंगात दाखवतात. तिथी कुठेच दाखवत नाहीत.

आणि ही वेळ रोज पाऊण तासानं पुढे सरकते. काल पाचला पोहायला गेलो म्हणून आज पाचला जाता येत नाही. मुलांच्या अंघोळी, आमचा चहा, रात्रीचं जेवण, सगळं भरतीच्या मागून सरकत राहिलं. घरी माझ्या मोबाइलमध्ये सकाळी साडेपाचपासून पाच गजर लावलेले असतात: डबा, रिक्षा, पाणी, औषध, क्लास. तिथे एकही वाजला नाही. वेळ कुणीतरी दुसऱ्यानं ठरवायची आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही, यात जो निवांतपणा आहे तो मला डोंगरावरच्या कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी मिळालेला नाही. तिथे आपण सूर्योदयाच्या टोकाची यादी करून पळत असतो.

दुपारी खारा वारा सुटायचा. उन्हानं जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते. वाडीतल्या झावळ्या सगळ्या एका बाजूला वळायच्या. रात्री उलट, जमीन पाण्याआधी निवते आणि मतलई वारा समुद्राकडे वाहायला लागतो. सासूबाई ओटीवर सतरंजी टाकून त्या वाऱ्यात झोपायच्या. पुण्यात त्यांना झोपेची गोळी लागते. इथे ती डबीतच राहिली आणि कुणी तिचं नाव काढलं नाही.

मुलांचं काय? आधी ती समुद्रात इतकी डुंबली की डोळे लाल झाले. मग समुद्राचं नवल ओसरलं आणि कंटाळा आला. मुलगी ओटीच्या पायरीवर बसून "आता काय करू" असं दर दहा मिनिटांनी विचारायची. मला वाटतं सुटी तिथून खऱ्या अर्थानं सुरू झाली. आजोळीसुद्धा असंच व्हायचं. आम्ही कंटाळायचो आणि कुणी आमची करमणूक करायला येत नसे, मामी तर "कंटाळा आला? मग चिंचा फोड" म्हणायची. आताच्या आईबापांना मुलांचा कंटाळा बघवत नाही. आम्हालाही बघवत नव्हता, पण रेंज धड नव्हती, टीव्ही काकांच्या खोलीत होता, आणि काकांना बातम्या बघायच्या असत.

त्या कंटाळ्यातून मुलाला खेकडे सापडले. ओहोटीची वाळू उघडी पडली की नखाएवढे खेकडे बिळातून वर येतात. वाळूचा घास तोंडात घेतात, तिला चिकटलेलं बारीकसारीक खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे टाकतात. एक झाली की दुसरी, जरा पुढे सरकून तिसरी. थोड्या वेळानं प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा पसरतात आणि सगळा किनारा नक्षीनं भरून जातो. जवळ गेलं की खेकडा आत. न हलता पडून राहिलं की पुन्हा बाहेर. चौथीतला मुलगा, जो शाळेत बाकावर पाच मिनिटं टिकत नाही म्हणून दर पालकसभेत माझी मान खाली असते, तो वाळूवर पालथा पडून खेकड्याची वाट बघत असायचा. मुलगी आधी त्याला हसली, मग वहीच्या मागच्या पानांवर त्या नक्ष्या काढायला लागली. एका बिळाची नक्षी पंख्यासारखी होती, दुसऱ्याची नुसती एकाच बाजूला गेलेली. असं का, यावर दोघांची भांडणं झाली. पुढची भरती सगळं पुसून टाकायची आणि दुसऱ्या ओहोटीला वाद नव्यानं सुरू व्हायचा.

हे चालू असताना संध्याकाळी गाड्या यायच्या. मोठ्या, चार चाकांना जोर असणाऱ्या गाड्या, वाळूवर गोल गोल फिरवायला. खिडकीतून गाणी, छतातून बाहेर आलेली मुलं. कोकणात समुद्रावर येऊन समुद्राकडे पाठ करायची आणि चाकांनी वाळू उडवायची, हा प्रकार मला समजत नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. ज्या पट्ट्यात चाकं फिरतात तिथेच खेकड्यांची बिळं असतात. थंडीच्या महिन्यांत याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वर येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. इथून उत्तरेला वेळासला, नाना फडणविसांच्या गावी, सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली, आणि आता आंजर्ल्यालाही ते काम चालतं. आम्ही गेलो तोवर हंगाम सरला होता. जाळीचं रिकामं कुंपण तेवढं उभं होतं आणि त्याच्या अगदी शेजारून टायरच्या खुणा गेल्या होत्या.

एका संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर गेलो. काकूंकडे शाकाहारी जेवण, त्यामुळे आमच्या ह्यांचा जीव सुरमईवर अडकलेला. मासळीचा लिलाव बघायचा हे निमित्त. होड्या दूर उभ्या होत्या आणि माल बैलगाड्यांतून, गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर येत होता. वाळूवर ढीग पडायचे. पापलेट, कोळंबी, बांगडा, माकुल, मांदेलीची चांदी. लिलाव पुकारणारा इतक्या भराभर बोलत होता की मला फक्त शेवटचा आकडा कळायचा. घेणाऱ्यांत बायका पुष्कळ. पाट्या मांडून, बर्फ फोडून, नोटा ब्लाउजमध्ये खोचून त्या सौदा करत होत्या, आणि मधेच एखादी मोबाइलवर दापोलीच्या बाजाराचा भाव विचारत होती. सगळ्यांना घाई होती, कारण एक जूनपासून मासेमारी बंद. एक जून ते एकतीस जुलै हे दिवस माशांच्या विणीचे आणि खवळलेल्या समुद्राचे. त्या आधी जेवढं कमवायचं तेवढं कमवायचं. मी तिथे बराच वेळ उभी होते. समुद्रकिनाऱ्यावर निवांत बसलेली बाई तिथे मला एकही दिसली नाही. म्हणजे, माझ्याशिवाय.

हर्णैच्या पुढे मुरुड. धोंडो केशव कर्वे या मुरुडचे. परीक्षेसाठी इथून सोबत्यांबरोबर साताऱ्यापर्यंत पायी गेले, घाट चढून, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. ही गोष्ट मी मुलाला सांगितली, कारण तो पार्किंगपासून दुर्गादेवीच्या देवळापर्यंत चालायलाही कुरकुरत होता. सांगितली नाही ती पुढची. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. आज मुरुडमध्ये कुणालाही विचारा, कर्वे आमचेच असं अभिमानानं सांगतील. गावांनाही अक्कल येते, फक्त वेळ लागतो.

आता काकूंबद्दल. खरं तर मला लिहायचंय ते काकूंबद्दलच. समुद्राबद्दल बोलणं सोपं असतं म्हणून त्याच्यात गुंतले.

काकू पन्नाशीच्या पुढच्या. पहाटे केव्हा उठायच्या ठाऊक नाही. आम्ही उठायचो तेव्हा अंगणात सडा पडलेला असायचा आणि स्वयंपाकघरातून ओल्या नारळाचा वास. सकाळी घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस, किंवा केळीच्या पानावर थापलेली पानगी. दुपारी फणसाची भाजी, रायवळ आंब्याचं सासव, सोलकढी. एकदा सांदणं, एकदा मोदक. तीन खोल्यांतली माणसं, त्यांची मुलं, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला रात्री फक्त मऊ भात हवा. आणि या सगळ्याच्या फटीत मे महिन्याची कामं. रतांबे फोडून बिया वेगळ्या करायच्या, साली उन्हात घालायच्या, त्यांना रसाची पुटं देत देत वाळवायच्या, म्हणजे आमसुलं होतात. मीठ घातलेला रस बरण्यांत, ते आगळ. ताटांना तुपाचा हात लावून त्यात आंब्याचा रस पसरायचा, रोज थर द्यायचा, साठं तयार करायची. हे सगळं मृगाच्या आत. पाऊस ज्या दिवशी येईल त्या दिवशी अंगण गेलं.

मी पहिल्या दिवशी जेवून उठले आणि सवयीनं सगळ्यांची ताटं गोळा करायला लागले. काकूंनी येऊन माझा हात धरला. "इथे नाही हं," त्या म्हणाल्या. "पैसे देताय ना."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. चहात साखर किती हे विचारावं तितक्या सहज म्हणाल्या. पण मला ते दिवसभर पुरलं. मी ओटीवर येऊन बसले. हातात काही नाही. दुपारचे दोन, आणि संध्याकाळच्या भाजीचा विचार मला करायचा नाही. माझ्यासारख्या बाईला सुटी म्हणजे हेच, बाकी समुद्र वगैरे त्याच्या भोवतीचा. तो निवांतपणा आला कुठून, तर आत रतांबे फोडणाऱ्या बाईकडून. मी उठले नाही. उठून काय करणार होते? पण पुस्तकाचं पानही उलटेना.

रात्री सासूबाईंशी यावर बोलले. त्या गऱ्यातली आठळी काढत होत्या.

"आमची आजी समुद्रावर गेलेली मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "घरापासून समुद्र इथून आहे तेवढाच. आम्ही सगळी पोरं भिजून यायचो, ती न्हाणीत पाणी तापवून ठेवायची. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, जावई. दोन दोन महिने वीस पानं उठायची. लोक म्हणतात ना, आजोळची माया. होतीच. पण तिला कुणी विचारलं नाही, बाई तुझे पाय दुखतात का. आणि तिच्या हातात स्वतःचा रुपया नव्हता गं. बांगडीवाला आला की आजोबांच्या तोंडाकडे बघायची."

आठळ्या त्यांनी नीट मोजून वाटीत ठेवल्या. उद्या काकूंना भाजीला द्यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या मागीलदारी जाऊन बसले. मदतीला नाही, गप्पांना. त्याला त्यांची हरकत नव्हती. वाडीकडे बोट करून त्यांनी दाखवलं, कुठे कुठे पोफळी होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते जमिनीवर चढलं उत्तरेला, श्रीवर्धनच्या बाजूला, पण दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या त्यानं झोपवल्या. काकूंच्या घराची कौलं उडाली. सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. "आवाज कसा येत होता सांगू? एक मोडली की दुसरी, मग तिसरी. आम्ही माजघरात बसून मोजत होतो. मग मोजायचं सोडलं." पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळालाही जवळपास तितकीच. तोवर खायचं काय? म्हणून असलेल्या एका खोलीच्या तीन केल्या, कर्ज काढून. नवी रोपं आता कमरेच्या वर गेली होती आणि खोल्यांचे हप्ते अजून चालू होते.

"म्हणजे वादळामुळे हे काम तुमच्या अंगावर आलं," मी म्हटलं.

"काम आधीही होतंच की," काकू म्हणाल्या. "नणंदा यायच्या मे महिन्यात, पोरांना घेऊन. आता त्या चार दिवस येतात आणि ताटं उचलतात. पाहुणे असतात ना घरात, त्यांना बरं दिसत नाही."

मग मी विचारलं, तुम्ही समुद्रावर कधी जाता? त्यांनी जरा आठवून बघितलं. "गणपती पोचवायला. आणि गेल्या वर्षी भाचीचं ते फोटो काढतात ना लग्नाआधी, तेव्हा." संध्याकाळी आमच्याबरोबर चला म्हटलं, तर हसून मान हलवली. संध्याकाळी कुकर लावायचा असतो. आणि मला काय त्याचं, रोजचाच तो.

"माझी सुटी जुलैत," त्या म्हणाल्या आणि आवाज एकदम मोकळा झाला. पाऊस सुरू झाला की खोल्या रिकाम्या. रोपांची लावणी आटपली की त्या चिंचवडला बहिणीकडे जातात. आठ-दहा दिवस. सकाळी उशिरा उठतात. बहिणीची सून हातात चहा देते. नळ सोडला की पाणी येतं. दुपारी मालिका, संध्याकाळी मिसळ नाही तर पाणीपुरी. गेल्या खेपेला मेट्रोत बसून स्वारगेटपर्यंत नुसत्याच जाऊन आल्या. "इतकं बरं वाटतं! कोणी दारात येत नाही, कोणी काही मागत नाही. तुम्ही लोक तिकडे राहून दमता कसे, मला कळत नाही."

मी पुण्यात राहून दमते आणि त्यांच्या दारात येऊन विसावते. त्या माझ्या दारापासून थोड्या अंतरावर येऊन विसावतात. दोघींच्या मध्ये सह्याद्री आहे आणि दोन कुकर.

निघायच्या सकाळी हिशेब झाला. ओटीच्या खांबावर दोन क्यूआर कोड चिकटवलेले होते, एकाखाली एक. ह्यांनी मोबाइल वरच्यावर धरला तेव्हा काका म्हणाले, "थांबा, तो खोल्यांचा. जेवणाचे खालच्यावर." खालच्या कोडवर काकूंचं नाव होतं. हे दोन कोड कसे झाले ते काकूंनी आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं: आधी एकच होता, काकांचा. एका मे महिन्याच्या शेवटी काकूंनी रांधायचं थांबवलं, दीड दिवस. पाहुणे बाहेरच्या खाणावळीत जेवले. मग दुसरा कोड आला. त्यांनी हे सांगताना आवाज खाली केला नव्हता, आणि शेजारी सुपाऱ्या सोलणारे काका नुसते हसले.

आजोळ गेलं म्हणून हळहळणारे लेख मी खूप वाचलेत, एखाद-दुसरा लिहिलाही असेल. अंगण, आंब्याची अढी, आजीची गोधडी. त्या लेखांत आजी कायम चुलीपाशी असते आणि कायम हसत असते. आम्ही पैसे मोजून जे घेतलं ते खरं आजोळ नव्हतं. काकूंनी मुलांच्या गालावरून हात फिरवला नाही, परत या म्हणाल्या तेही सगळ्यांना म्हणतात तसंच. सासूबाईंच्या आजीनं जे दिलं ते विकत मिळत नाही, हे कबूल. पण तिच्याकडून ते ज्या भावानं घेतलं गेलं, म्हणजे फुकट, तो भाव मला आता पटत नाही. काकूंचा व्यवहार जास्त सरळ आहे. भाड्याच्या आजोळात निदान आजीच्या नावाचं खातं असतं.

यंदा कोकणात जाणार असाल तर पंचांग बघून दिवस ठरवा आणि गाडी रस्त्यावरच ठेवा. ताटाच्या दरावरून घासाघीस करू नका. आणि निघताना जेवणाचे पैसे कुणाच्या खात्यात जातात, तेवढं विचारून घ्या.